मोठं, पांढरं, धुतलेलं

‘मेंढपाळ घाबरले’ असं फळ्यावर लिहून नईमने त्याखाली रेघ ओढायला खडू टेकवला, तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरत कडेकडे सरकायला लागला. उंब्रजच्या त्या ज्युनिअर कॉलेजात नाताळच्या सुट्टीआधी इंग्रजी वाङ्मय मंडळाचं एक व्याख्यान व्हायचं. विषय ठरलेला, नाताळवरच्या जुन्या इंग्रजी कविता; आणि वक्ताही ठरलेला, कारण बाहेरचा वक्ता आणला की त्याला शाल, नारळ आणि जेवण लागतं, आणि नईमला ‘सर, तुमच्याशिवाय आहे कोण?’ एवढं पुरतं, हे प्राचार्य लालासाहेबांनी फार पूर्वीच ओळखलं होतं. या वर्षी नको म्हणायला नईमकडे कारण होतं, सांगलीच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलेलं. पण कारण सांगायचं तर ते शब्दांत मांडावं लागलं असतं, त्यापेक्षा कविता सोप्या. कविता शिकवायची त्याची पद्धत पोरांना तोंडपाठ होती: आशय, प्रतिमा, यमक, आणि शेवटी ‘मला ही कविता का आवडली’. तीन-चार ओळींचा तो शेवट कुठल्याही कवितेला बसायचा, एका मापाची टोपी साऱ्या वर्गाला बसावी तसा. आत्ताच वडूजकडची प्रियदर्शनी उभी राहिली होती. ‘सर, देवदूत आला आणि ही समदी बाळाला बघाय गेली. मग मेंढरं कुणी राखली?’ वर्ग हसला तशी ती मागे वळली. ‘हसताय काय रं? आमच्याकडं एक रात मेंढरं सोडून दावा.’ नईम म्हणाला, ‘कवीने ते सांगितलेलं नाही. म्हणजे परीक्षेला येणार नाही.’ पोरं आणखी हसली, आणि आपलं चांगलं चाललं आहे असं त्याला वाटलं. देवदूताचं पहिलंच वाक्य ‘भिऊ नका’ असं आहे, ते आता तो सांगणार होता. फोनवर दवाखान्याचं नाव होतं.

‘बेबी ऑफ शबाना का?’ बाईचा आवाज. मागे कसलंतरी यंत्र एका सुरात वाजत होतं. ‘फादर बोलताय ना? लगेच निघा. येताना कापड आणा. सुती, पांढरंच, मोठं, धुतलेलं. जुनं असलं तरी चालेल. आणि तुम्हीच या, दुसऱ्या कुणाला पाठवू नका.’ तो ‘सिस्टर’ एवढंच म्हणू शकला. मागच्या यंत्राने सूर बदलला, आणि फोन बंद झाला.

कॉलेजच्या फाटकापासून हायवेपर्यंत तो पळत आला, की चालत, हे त्याला नंतर सांगता आलं नसतं. हाताला खडू लागलेला होता, तो त्याने पँटला पुसला, मग पांढऱ्या बोटांकडे बघून पुन्हा पुसला. मोठं, पांढरं, धुतलेलं. दवाखान्यातल्या सिस्टरने असं कापड कशाला मागावं? पोट दुखतंय म्हटल्यावर माणूस आधी साध्या कारणांची यादी करतो, तशी तो करू पाहत होता, आणि यादीत एकही साधं कारण येत नव्हतं. मुलीच्या जन्माच्या आधी शबानाचं, त्याच्या बायकोचं, बीपी इतकं चढलं की दिवस भरायची वाट बघता आली नाही. ऑपरेशन झालं, शबाना वरच्या मजल्यावर आणि मुलगी खालच्या मजल्यावर काचेत, अशी एका घराची दोन मजल्यांवर वाटणी झाली. पेटीवर चिठ्ठी होती, ‘बेबी ऑफ शबाना’. बापाचं नाव चिठ्ठीवर नव्हतं, ते फक्त संमतीच्या कागदावर होतं. डॉक्टर पेन खिशाला लावत म्हणाले होते, ‘अशी बाळं अधूनमधून श्वास घ्यायला विसरतात. आम्ही तळपायाला टिचकी मारतो, की घेतात.’ त्यांनी हे पंख्याचं बटण सैल आहे अशा आवाजात सांगितलं, आणि त्या दिवसापासून नईम झोपताना स्वतःच्याच श्वासावर नजर ठेवायला लागला. जी गोष्ट विसरता येते हे कुणालाच माहीत नसतं, ती विसरता येते असं एकदा कळलं की माणसाचं काही खरं नाही.

कराडला सांगलीची गाडी लागलेलीच होती, तासगावमार्गे जाणारी. लांबची, पण माधवनगर वाटेत पडतं आणि कापड घरून घ्यायचं होतं. खिडकीशी बसल्यावर त्याने दवाखान्याचा नंबर काढला आणि अंगठा त्यावर धरला. लावला नाही. शबानाला विचारणं म्हणजे शबानाला सांगणं. सासूबाईंकडे फोन होता, पण त्या फोनवर आलेली कुठलीही बातमी मोठ्याने परत म्हणून खात्री करून घेत, आणि त्या शबानाच्या उशाशीच बसलेल्या होत्या. राहता राहिली ती सिस्टर. तिला विचारलं तर ती सांगेल. अंगठ्याखाली काच गरम झाली होती. जोवर विचारलं नाही तोवर मुलगी अर्धी तरी आहे, आणि विचारलं की ती एक तर असेल किंवा नसेल. या हिशोबात आपण फसवतोय ते स्वतःलाच, हे त्याला दिसत होतं. तरी अर्धं हातात असताना पूर्णाचा सौदा त्याच्याच्याने होईना. त्याने फोन खिशात घातला. गाडीपुढे उसाच्या दोन ट्रॉल्या डुलत चालल्या होत्या, ड्रायव्हर शिव्या घालत होता, आणि नईमला त्या ट्रॉल्यांचे उपकार वाटत होते.

जुनं असलं तरी चालेल, असं ती म्हणाली होती. हा शब्द त्याने धरून ठेवला. कफन कोरं असतं. कोऱ्या कापडाचा तो वास, दुकानदार टराटरा फाडतो तो आवाज. सिस्टरने धुतलेलं मागितलं, म्हणजे ते नाही, म्हणजे दुसरं काहीतरी, पुसायला, अंथरायला. त्याला क्षणभर खरंच हलकं वाटलं. मग वडूजच्या जुन्या घरातली कपड्यांची पेटी आठवली. आजोबांनी हजहून येताना आपलं कफन बरोबर आणलं होतं, तिथल्या जमजमच्या पवित्र पाण्यात भिजवून, वाळवून, नीट घडी घालून. आणि फुफी, वडिलांची बहीण समीना, ते दरवर्षी उन्हात टाकायची. लहानपणी नईम त्या ताणलेल्या कापडाखालून पळायचा. खाली पांढरा उजेड असायचा आणि फुफी ओरडायची, ‘अरं ए, त्यात दादाजींना झोपायचंय, तुला न्हाई.’ मोठं, पांढरं, धुतलेलं, जुनं. चारही गोष्टी बरोबर जुळल्या. त्याने पाय सीटखाली ओढून घेतले, कुणी तळपायाला टिचकी मारेल की काय असं वाटून.

परवा भेटायला आले होते सगळे. दवाखान्याच्या बाकावर ओळीने बसलेली ती माणसं बघून तेव्हा त्याला हसू आलं होतं, कारण कवितेत लांबून भेटी घेऊन येतात ते शहाणे लोकही असेच दिसत असणार: थकलेले, अवघडलेले, आणि आपण आणलेल्या वस्तूवर डोळा ठेवून. भेट आणणारा माणूस ती दिसेल अशी ठेवतो, आणि उठेपर्यंत तिच्याचकडे बघतो. फुफीने जमजमची बाटली आणि खजूर आणले होते, आणि कोण काय घेऊन आलं, कोण नुसतं तोंड घेऊन आलं, हे ती शेवटचा माणूस जाईपर्यंत मनात नोंदवत होती. घरमालक धन्यकुमार हळदीचे व्यापारी, ते शहाळी घेऊन आले. ते जैन, त्यांना सूर्य मावळायच्या आत घरी जाऊन जेवायचं होतं, म्हणून ते काळजीच्या प्रत्येक वाक्यानंतर खिडकीकडे बघत होते. लालासाहेबांनी फोनवर हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि खाली व्याख्यानाची वेळ. आणि नईम स्वतः? त्याने आणला होता गुलाबी झबल्यांचा संच, टोपीला पांढरा गोंडा, सांगलीतल्या मोठ्या दुकानातून, जन्माच्या कितीतरी आधी. फुफीने तो उघडला, गोंडा चिमटीत धरला आणि परत ठेवला. ‘आधीच आणलंस व्हय रं,’ एवढंच म्हणाली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पोर यायच्या आधी त्याच्यासाठी कोरं आणायचं नसतं. आल्यावर पहिलं अंगाला लागतं ते जुनं, कुणाचंतरी वापरून मऊ झालेलं, जगल्या-वाचल्या माणसाच्या अंगावरचं. त्याच्या घरात तसं होतं, धन्यकुमारांच्या घरात तसंच होतं. कवी मात्र गोठ्यात जन्मलेल्या त्या बाळाला चिंध्यांत गुंडाळलं म्हणून कडव्यांमागून कडवी हळहळतात, आणि त्या ओळींपुढे नईमने वर्षानुवर्षं ‘दारिद्र्याचे प्रतीक’ असं लिहून दिलं होतं. आमच्याकडच्या कुठल्याही म्हातारीने ती कविता वाचली असती तर म्हणाली असती, मग बरोबरच केलं की त्या माऊलीनं. त्या शहाण्यांच्या तीन भेटींतली तिसरी म्हणजे प्रेताला लावायचा सुगंधी रस. ‘मृत्यूची पूर्वसूचना,’ असं तो वर्गात सांगायचा, खडू हातात खेळवत. जन्मलेल्या पोराच्या घरी असली वस्तू आणणाऱ्या माणसाला त्या घरातल्या बापाने उंबऱ्यातून हाकलून कसं दिलं नाही?

पण तो बाप कवितेत काही करतच नाही. गाडी तासगावच्या पुढे आली तेव्हा नईमच्या हे ध्यानात आलं, आणि एवढी वर्षं कसं आलं नाही याची त्याला भीती वाटली. चांदणीला कडवं असतं. बर्फाला असतं, घंटांना असतं, मेंढरांना असतं. बैलाला आणि गाढवाला तर हमखास. थंडी एवढी, आणि त्यांच्या श्वासाने गोठा गरम राहतो. बैल म्हणजे नम्रतेचे प्रतीक. ज्याच्याकडे द्यायला काहीच नाही असाही कुणीतरी शेवटी येतो आणि रिकाम्या हातांचं कौतुक करून घेतो. आणि कोपऱ्यात एक माणूस उभा. कंदील धरतो, दार लावतो, बहुतेक पैशाचं बघतो. तो घाबरलेला होता की नाही हे विचारायला देवदूतालासुद्धा त्या रात्री सवड नव्हती. घरी, शबाना गरोदर असताना रोज कुराणातली सूरह मरियम वाचायची, बाळंतपण सुखाचं व्हावं म्हणून, तिच्या आईने तिच्या वेळी वाचली होती म्हणून. तिथे गोठा नाही, बर्फ नाही. तिथे खजुराचं झाड आहे, त्याच्या बुंध्याशी एकटी मरियम, आणि दुःख करू नकोस असं सांगणारा आवाज. तिथे तर तो कोपऱ्यातला माणूसही नाही. शबाना वाचायची आणि नईम दाराशी चहा घेऊन उभा राहायचा. चहा निवायचा. ऑपरेशनच्या दिवशीही तो दाराशीच होता. मुलीला त्याच्यासमोरून पळवत नेलं, एक लाल मूठ दिसली, आणि मग काच. जन्मल्याबरोबर बाळाच्या कानात बापाने अजान द्यायची असते, ती राहिली ती राहिलीच. काचेच्या पेटीला जे एक भोक होतं त्यातून सिस्टरचा हात जायचा, आवाज जायचा नाही. ‘अजान दिलीस न्हवं?’ असं फुफीने विचारल्यावर त्याने मान अशी हलवली की जिचा अर्थ काहीही व्हावा. आता त्याला वाटलं, तिला कुणी बोलावलंच नाही. तिच्या कानात कुणी सांगितलंच नाही की तू आलीस. मग तिने का थांबावं?

माधवनगरला तो उतरला तेव्हा ऊन कलतं झालं होतं. खालच्या ओसरीवर त्रिशलावहिनी, धन्यकुमारांच्या पत्नी, पापडीचे तुकडे डब्यात भरत होत्या. त्यांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि हातातला डबा खाली ठेवला.

‘काय झालं वो, नईमभाऊ?’

‘कापड पाहिजे. पांढरं, सुती. मोठं. धुतलेलं.’ तो तोंडपाठ म्हणत गेला. ‘आमच्याकडं सगळ्या चादरी-बिदरी रंगीत आहेत, वहिनी. दवाखान्यातून मागितलंय.’

‘कशाला मागितलंय?’

त्रिशलावहिनी त्याच्या तोंडाकडे बघून तशाच आत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला, कापराचा वास आला. नईमच्या घरी तो वास एकाच प्रसंगी यायचा, मयताला आंघोळ घालताना. त्या बाहेर आल्या त्या एक घडी दोन्ही हातांवर घेऊन. धुऊन धुऊन इतकं पातळ झालेलं धोतर की घडीच्या कडेतून ऊन दिसत होतं.

‘ह्यांचं बस्तीत देवाच्या अभिषेकाला नेसायचं हाय,’ त्या म्हणाल्या. ‘आता नवीन घेतलंय. आमच्या आर्जवला जलमल्यावर पहिल्यांदा ह्यातच गुंडाळलावता. आन् तो बघा कसला सोट्या झालाय, दारातनं आत येताना वाकतोय.’

‘पूजेचं आहे, वहिनी. परत देता येईल की नाही मला...’

‘परत कुणी मागितलंय? लय शिकलेल्या माणसाला कायबी बोलाय येत न्हाई बघा.’ त्यांनी घडी त्याच्या हातावर ठेवली आणि वरून एकदा थोपटली. ‘जावा. आन् रस्त्यात कायबी मनात आणू नका. मनात आणाय वेळ लागत न्हाई, काढाय लागतोय.’

रिक्षात त्याने घडी मांडीवर ठेवली नाही, छातीशी धरली. ती हातात काहीच लागत नव्हती. एवढ्या हलक्या गोष्टीत आर्जव गुंडाळला गेला होता, आणि आता तो दारातून वाकून येतो, हे त्याने चौका-चौकाला स्वतःला सांगितलं. आणि दर चौकाला दुसरा एक नईम, गणिताला पक्का, त्याला सांगत होता की कापडाला काही आठवत नसतं, ते ज्याच्यावर घालाल त्याचं होतं. दवाखान्याच्या दारात कुणीतरी कागदाची मोठी चांदणी टांगली होती, आत दिवा लावायचा राहिला होता. जिना उतरताना त्याच्या लक्षात आलं की आपण प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकतोय, लहान मूल उतरतं तसं.

काचेच्या दारापाशी रूपाली सिस्टर उभी होती. फोनवरचा आवाज तिचाच. तिने कापड घेतलं, उलगडलं, उजेडापुढे धरलं, बोटांनी चोळलं. ‘छान आहे,’ ती म्हणाली. हा शब्द त्याला इतका क्रूर वाटला की त्याने भिंतीकडे पाहिलं. ‘हात धुवा. कोपरापर्यंत. तीनदा.’ बेसिनशी उभं राहून त्याने बाह्या सारल्या, आणि पाणी मनगटावरून कोपराकडे जाऊ लागलं तसं त्याचं अंग आपोआप पुढचं करू लागलं: उजवा, डावा, तोंडावर पाणी, ओल्या हाताने कपाळावरचे केस मागे. वजू. नमाजाआधीची ही वजू कुठल्या नमाजासाठी, ते त्याने मनात येऊ दिलं नाही. मयतासमोरच्या, जनाज्याच्या नमाजात वाकायचं नसतं, गुडघे टेकायचे नसतात, फक्त उभं राहायचं असतं, एवढं मात्र येऊन गेलं. उभं राहायची आपल्याला सवय आहे.

‘तोंड कशाला धुतलं?’ सिस्टर म्हणाली. ‘बरं, असू दे. शर्ट काढा.’

‘काय?’

‘शर्ट, बनियन. खुर्चीवर बसा, मागे रेलून.’ ती त्याच्याकडे बघून थबकली. ‘सर, तुम्हाला कुणी सांगितलं नाही का? मिसेसचं बीपी उतरत नाहीये, त्यांना खाली आणता येत नाही. म्हणून तुम्ही. बाळ उघड्या अंगावर ठेवायचं, वरून कापडाने बांधायचं. सकाळपासून दोनदा विसरली ती. पेटीपेक्षा माणसाच्या अंगावर कमी विसरतात.’

नईमला बटणं सापडेनात. एक तुटून फरशीवर गेलं आणि पेटीखाली घरंगळलं. तो बसला. हसावं, रडावं, की सिस्टरला झापावं की बाई, एक वाक्य जास्त बोलली असतीस तर काय गेलं असतं, यातलं काहीच जमेना, कारण भीती गेली नव्हती. ती फक्त रस्त्यावरून उठून आत आली होती. सिस्टरने पेटीतून मुलीला काढलं, नळीसकट, वायरींसकट, आणि त्याच्या छातीवर ठेवलं. वजन असं नव्हतंच. ओलसर ऊब, आणि एक गाल, अक्रोडाच्या सालीसारखा. धन्यकुमारांचं धोतर त्या दोघांभोवती फिरलं, पाठीमागून, पुढून, आणि सिस्टरने गाठ मारली. मुलीचा कान त्याच्या हनुवटीखाली आला. इतक्या जवळ की त्याने ओठ हलवले असते तर लागले असते. आता, त्याला वाटलं. आता तिला सांगावं. त्याने तोंड उघडलं.

‘आत्ता काही बोलू नका,’ सिस्टर म्हणाली. ‘आधी तुमची सवय होऊ द्या तिला.’

तो गप्प राहिला. एवढा गप्प की सिस्टरने यंत्राच्या पडद्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. पडद्यावरची हिरवी रेघ सपाट होऊ लागली होती. यंत्र वाजलं, फोनमध्ये ऐकलेलं तेच.

‘सर, तुम्ही श्वास धरलाय.’

त्याने धरला होता. हलेल, लागेल, पडेल म्हणून.

‘सोडा. घ्या. तुमची छाती हलली की तिला तिची आठवते. तुम्ही थांबलात की ती थांबते.’

त्याने श्वास सोडला. तो तिच्या टाळूवरून गेला, आणि तिथली विरळ लव आडवी झाली. त्याने घेतला. त्याच्या छातीवर काहीतरी, पाखराच्या पोटाएवढं, एकदा आत गेलं आणि वर आलं. रेघेला उंचवटा आला. यंत्र गप्प झालं. पलीकडच्या पेटीतलं दुसऱ्या कुणाचंतरी बाळ आता वाजायला लागलं होतं. सिस्टरने तिकडे जाता जाता कापडाची कड त्याच्या खांद्यावर सारखी केली. भिऊ नका, असं ती म्हणेल म्हणून तो तिच्या तोंडाकडे बघत होता.

‘हलू नका,’ ती म्हणाली.

‘किती वेळ, सिस्टर?’

पण ती गेली होती. नईम मागे रेलून बसला, उघडा, दुसऱ्याच्या देवाच्या कापडात बांधलेला, आणि नाकातून गरम हवा घेत-सोडत राहिला. कान तिथेच होता, अजान तोंडात होती, आणि त्याने ती तशीच राहू दिली. आधी एक श्वास, मग त्याच्या मागचा. श्वास कसा घेतात हे त्याला आता आठवून आठवून करावं लागत होतं. वर्गात इतकी वर्षं त्याने बैलाला नम्रतेचे प्रतीक म्हणून पाच गुणांना लावून दिलं होतं. त्या गोठ्यात उजाडेपर्यंत बैल मरणाचा घाबरलेला असणार.